शिकवण्याचा हक्क

(एका क्रीडाशिक्षकांच्या स्मृत्यर्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



सरांनी आयुष्यभर मुलांना खेळ शिकवला. त्यांच्या हाताखालून गेलेले किती जण पुढे स्वतः शिकवू लागले, हे या सभागृहात बसलेल्यांना मी सांगायला नको. म्हणून आजच्या दिवसासाठी मी विषय निवडला तो एका शिकवणाऱ्याचाच. त्याचं नाव जेस मार्क्ट. तो अमेरिकन आहे, व्हीलचेअर बास्केटबॉल खेळत होता आणि पुढे त्या खेळाचा कोच झाला. त्याच्या नावावर ऑलिंपिकच्या तोडीचं पदक नाही. तरीही त्याच्या वाटचालीतून मला एक गोष्ट पटली आहे आणि तीच आज मांडायची आहे. अपंग माणसाला खेळायला मिळालं पाहिजे, हे आता निदान तोंडाने तरी सगळे मान्य करतात. त्याला शिकवायलाही मिळालं पाहिजे, हे मात्र आपण अजून गृहीत धरलेलंच नाही. आणि दुसरी गोष्ट झाल्याशिवाय पहिली टिकत नाही.

आधी खेळाविषयी थोडं सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी तो प्रत्यक्ष पाहिला नसेल. व्हीलचेअर बास्केटबॉलला मैदान तेच, 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद. बास्केटची कडी तेवढ्याच उंचीवर, 3.05 मीटर. कुणी बसून खेळतो म्हणून ती एका इंचानेही खाली आणलेली नाही. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना सलग दोनदा रेटा देता येतो, तिसऱ्या रेट्याआधी चेंडू टप्पा देऊन किंवा पास करून मोकळा करावा लागतो. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार 1.0 ते 4.5 असे गुण ठरवून दिलेले असतात. ज्याला कमरेपासून वर, पोटाच्या स्नायूंचाही आधार नाही, तो एक गुणाचा. ज्याला धड सगळ्या बाजूंना झुकवता येतं, तो साडेचार गुणांचा. मैदानावरच्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाता कामा नये. त्यामुळे कोणताही कोच पाच धडधाकट धडाचे खेळाडू एकदम उतरवू शकत नाही. ज्यांचं शरीर कमी साथ देतं, त्यांच्यावाचून संघच उभा राहत नाही.

हा एक गुणाचा खेळाडू करतो काय? दोन महिला संघांचा सामना डोळ्यांसमोर आणा. लाल संघाचा नेम चुकला, चेंडू पांढऱ्या संघाकडे आला. आता दहाही खुर्च्या वळून दुसऱ्या टोकाकडे सुटणार. एवढ्यात पांढऱ्या संघातली एक गुणाची मुलगी चेंडूकडे ढुंकूनही न बघता लाल संघाच्या सर्वांत उंच खेळाडूच्या वाटेत आपली खुर्ची आडवी घालते. पळणारा माणूस अंग चोरून बाजूने निसटेल. खुर्चीला तसं निसटता येत नाही. ती पुढे जाते, मागे जाते किंवा वळते, आडवी सरकत नाही. त्या उंच खेळाडूला आधी मागे यावं लागतं, मग वळावं लागतं, मग शून्यातून पुन्हा वेग घ्यावा लागतो. तोवर पलीकडे चार पांढऱ्या आणि चार लाल खेळाडू समोरासमोर आलेल्या असतात, आणि लालची सर्वांत उंच खेळाडू त्यांत नसते. बास्केट होते. गुणफलकावर नाव दुसऱ्याच मुलीचं लागतं. पण ज्याला खेळ कळतो तो टाळी वाजवतो ती मागे, मैदानाच्या मध्यावर थांबलेल्या त्या एका खुर्चीसाठी.

हा खेळ जन्मला दुसऱ्या महायुद्धानंतर, अमेरिकेतल्या सैनिकी रुग्णालयांत. मज्जारज्जूला इजा झालेले तरुण सैनिक तिथे पडून होते. त्यांतल्या बऱ्याच जणांनी आधी बास्केटबॉल खेळलेला होता. त्यांनी रुग्णालयाच्या खुर्च्यांवर बसून तो पुन्हा सुरू केला. 1949 मध्ये टिम न्यूजंट यांच्या पुढाकाराने अमेरिकेची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिकडे इंग्लंडमध्ये लुडविग गुटमान नावाचे डॉक्टर स्टोक मँडेव्हिलच्या रुग्णालयात खेळाला उपचाराचा भाग करत होते. त्यांच्या प्रयत्नांतून 1960 साली रोममध्ये जी स्पर्धा झाली, तिला आज आपण पहिली पॅरालिंपिक म्हणतो. व्हीलचेअर बास्केटबॉल त्या पहिल्या स्पर्धेपासून आहे. म्हणजे हा खेळ कुणी दयेपोटी बनवून दिलेला नाही. खेळणाऱ्यांनीच तो घडवला.

जेस मार्क्ट याच परंपरेतला. तो ओरेगन विद्यापीठाचा उंच उडीचा खेळाडू होता. 1996 साली, वयाच्या 19 व्या वर्षी, मोटार अपघातात त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली आणि पाय लुळे पडले. ज्याचा सगळा खेळच जमिनीवरून वर उठण्याचा, त्याच्या वाट्याला हे आलं. सुमारे तीन वर्षांनी तो व्हीलचेअर बास्केटबॉलकडे वळला. न्यूयॉर्कच्या आणि पुढे डेन्व्हरच्या क्लबकडून खेळला. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या आणि सुट्टीच्या वेळात खेळणारे जसे असतात, तसा तो खेळाडू होता.

2009 मध्ये एक निरोप फिरत फिरत त्याच्यापर्यंत आला. अफगाणिस्तानच्या वायव्येला, फर्याब प्रांतात, मैमना नावाचं शहर आहे. तिथे काही अपंग तरुणांना व्हीलचेअर बास्केटबॉल शिकायचा होता. शिकवणारं कुणी नव्हतं. युद्ध चालू असलेल्या देशात, स्वतः चाकाच्या खुर्चीवर असलेल्या माणसाने जायचं, हा निर्णय सोपा नव्हता. तो गेला. समोर जे खेळाडू आले, त्यांतल्या काहींचे पाय भूसुरुंगाने गेलेले, काहींना लहानपणी पोलिओ झालेला. काही दिवसांच्या शिबिरासाठी म्हणून तो गेला होता. पुढची अनेक वर्षं तो अफगाणिस्तानात जात राहिला.

नव्या खेळाडूंचा पहिला खेळ जगात कुठेही सारखाच असतो. प्रत्येकाला चेंडू हवा असतो, आणि चेंडू मिळाला की मान खाली घालून बास्केटकडे सुसाट सुटायचं असतं. पास हा प्रकार नंतर येतो. मी मघाशी सांगितलेली आडवी खुर्ची त्याच्याही नंतर. ज्याने स्वतः खुर्चीत बसून हे वर्षानुवर्षं केलं आहे, तो कोच हे शब्दांनी समजावत बसत नाही. तो आपली खुर्ची घेऊन मैदानात उतरतो आणि तुमची वाट अडवतो. दोनदा अडकलात की तिसऱ्यांदा तुम्हाला कळतं की चेंडू हातात नसतानाही खेळता येतं.

मैमनातल्या कामाची वार्ता काबूलला पोचली. तिथे आंतरराष्ट्रीय रेड क्रॉस समितीचं अस्थिव्यंग केंद्र 1988 पासून चालू आहे. त्याचे प्रमुख होते आल्बेर्तो काइरो. हे इटालियन गृहस्थ मूळचे वकील. वकिली सोडून फिजिओथेरपिस्ट झाले आणि 1990 मध्ये अफगाणिस्तानात आले ते तिथलेच होऊन राहिले. त्यांच्या केंद्रांत कृत्रिम पाय बनतात, कॅलिपर बनतात, चाकाच्या खुर्च्या बनतात. काइरोंनी तिथे एक नियमच करून टाकला होता. नोकरी द्यायची ती शक्यतो अपंग माणसालाच. पाय घडवणारा कारागीर स्वतः कृत्रिम पायावर उभा असतो. चालायला शिकवणारी फिजिओथेरपिस्ट स्वतः कधीतरी तिथेच चालायला शिकलेली असते. दारात आलेला नवा रुग्ण आजूबाजूला बघतो आणि उपदेशाचा एकही शब्द न ऐकता त्याला कळतं की पुढे आयुष्य आहे.

मार्क्टला इथे योग्य जमीन मिळाली. रेड क्रॉसच्या साथीने तो काबूल, मजार-ए-शरीफ, हेरात अशा शहरांत शिबिरं घेऊ लागला. 2012 मध्ये काबूलला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. मुलीही पुढे आल्या. त्यांचा सराव केंद्राच्या भिंतींच्या आत, बाहेरच्या पुरुषांच्या नजरेआड चाले. 2017 मध्ये अफगाण महिलांचा संघ इंडोनेशियातल्या बाली इथे आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. ज्या घरांत मुलीने अंगणाबाहेर जाणंही अवघड, आणि अपंग मुलीने तर दिसणंही नको, त्या घरांतून या खेळाडू आल्या होत्या.

त्यांच्यातली एक निलोफर बयात. ती दोन वर्षांची असताना काबूलमधल्या तिच्या घरावर रॉकेट पडलं. भाऊ गेला, तिच्या पाठीच्या कण्याला इजा झाली. ती कायद्याची पदवीधर झाली, रेड क्रॉसमध्ये नोकरीला लागली आणि राष्ट्रीय संघाची कर्णधार झाली. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान काबूलमध्ये शिरले, तेव्हा तिला देश सोडावा लागला. ती स्पेनमध्ये पोचली आणि तिथल्या बिल्बाओ शहराच्या क्लबने तिला खेळायला बोलावलं. घर, नोकरी, देश सगळं मागे राहिलं. परक्या मुलखात तिची पहिली ओळख निर्वासित ही न राहता खेळाडू ही झाली, ती त्या भिंतीआडच्या सरावाच्या जोरावर.

मार्क्टच्या कामातला कळीचा भाग यानंतर येतो. पुढे तो रेड क्रॉसचा खेळ आणि समावेशन या विषयाचा सल्लागार झाला आणि अफगाणिस्तानाबाहेर कंबोडिया, गाझा, दक्षिण सुदान अशा ठिकाणी गेला. हे सगळे युद्धाने पोळलेले प्रदेश. एक माणूस किती ठिकाणी आणि किती दिवस राहणार? तेव्हा खेळाडूंइतकाच वेळ त्याने स्थानिक कोच आणि पंच घडवण्यावर दिला. शिकलेल्यांमधून शिकवणारे निवडायचे, त्यांच्या हाती शिट्टी द्यायची आणि आपण बाजूला व्हायचं. दक्षिण सुदानमधल्या जुबा इथे त्याच्या बरोबर मलाट वेई हा खेळाडू गेला होता. हा तरुण मूळचा तिथलाच, लहानपणी पोलिओ झालेला, निर्वासित छावणीत वाढलेला आणि पुढे ॲरिझोना विद्यापीठाच्या संघातून व्हीलचेअर बास्केटबॉल खेळलेला. तो आपल्या मायदेशी परतला तो कोच म्हणून. तिथल्या पोलिओग्रस्त मुलांना जुबाच्या मैदानावर मार्क्टकडून जेवढं मिळालं, त्याहून काही वेगळं मलाटकडे नुसतं पाहून मिळालं असेल, असं मला मनापासून वाटतं.

यावर एक रास्त आक्षेप येऊ शकतो. चालता येणारा माणूस चांगला कोच होऊ शकत नाही का? होऊ शकतो, निश्चितच. अमेरिकेचे रॉन लायकिन्स चालते-फिरते गृहस्थ. 2004 आणि 2008 मध्ये त्यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेच्या महिला संघाने पॅरालिंपिक सुवर्ण जिंकलं, नंतर 2016 मध्ये पुरुष संघाने. पण याच गोष्टीचा पुढचा भागही पाहा. त्या 2004 आणि 2008 च्या संघांत स्टेफनी व्हीलर नावाची खेळाडू होती. लहानपणी अपघातात तिचे पाय लुळे पडलेले. 2016 मध्ये रिओ इथे अमेरिकेच्या महिला संघाने पुन्हा सुवर्ण जिंकलं, तेव्हा मुख्य कोच होती स्टेफनी. चांगल्या गुरूने पुढचा गुरू घडवला आणि व्यवस्थेने तिला जागा दिली. माझं मागणं एवढंच आहे. हे दार उघडं असावं.

आणि खुर्चीत बसलेल्या कोचला काही गोष्टी अशा ठाऊक असतात, ज्या पुस्तकात सापडल्या तरी अंगात मुरायला आयुष्य लागतं. मज्जारज्जूची इजा वरच्या भागात असेल तर त्याखालच्या शरीराला नीट घाम येत नाही. उन्हाळ्यात असा खेळाडू चटकन तापतो आणि त्याला ते वेळेवर कळतही नाही. चेन्नईत किंवा नागपुरात एप्रिलमध्ये सराव घेताना ही माहिती जिवावरची ठरते. बसण्याच्या जागेला संवेदना नसेल तर गादीची एक घडी, कपड्याची एक शिवण जखम करते आणि ती जखम महिनोन् महिने भरत नाही. असा कोच सरावाआधी चेंडूला हात लावण्यापूर्वी गादी तपासतो, मांडीवरचा पट्टा किती आवळला आहे ते बघतो. खुर्ची उलटली तर तो धावत उचलायला जात नाही. हात जमिनीला कसे टेकायचे, अंगाला झोका देऊन पुन्हा सरळ कसं व्हायचं, हे त्याने पहिल्याच दिवशी शिकवलेलं असतं. बघणाऱ्यांचा जीव खालीवर होतो. खेळाडूला माहीत असतं की पडणं हा खेळाचाच भाग आहे.

आता आपल्याकडे वळतो. मार्क्ट भारतातही येऊन गेला आहे. 2014 मध्ये चेन्नईत माधवी लता यांच्या पुढाकाराने व्हीलचेअर बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडियाची स्थापना झाली. माधवी लता स्वतः पोलिओमुळे चाकाची खुर्ची वापरतात आणि त्या स्पर्धांमध्ये पोहलेल्या जलतरणपटू आहेत. रेड क्रॉसच्या साहाय्याने या फेडरेशनने शिबिरं भरवली आणि मार्क्टने त्यांत आपल्या खेळाडूंना शिकवलं. आज महाराष्ट्राचे पुरुष आणि महिला संघ राष्ट्रीय स्पर्धांत खेळतात. मैमनाहून निघालेला एक धागा असा आपल्या मैदानांपर्यंत आला आहे.

पण आपल्याकडे याहून जुना धागा होता. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर. 1965 च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यांतली एक पाठीच्या कण्यात. सैन्यात ते मुष्टियोद्धा होते. पुढे पोहायला लागले आणि 1972 साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. भारताचं पॅरालिंपिकमधलं ते पहिलं सुवर्ण. त्यानंतर पेटकरांनी पुण्याला टेल्कोत नोकरी केली. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 मध्ये. आणि भारताला पॅरालिंपिकमधलं दुसरं सुवर्ण मिळालं 2004 मध्ये, देवेंद्र झाझरियाच्या भाल्यातून. मधे 32 वर्षं गेली.

या 32 वर्षांना कारणं अनेक आहेत आणि ती सगळी एका वाक्यात बसणार नाहीत. तरी मला एक प्रश्न विचारावासा वाटतो. जगज्जेत्या वेगाने पोहलेला एक मराठी सैनिक आपल्यात होता. पाय साथ देत नसताना पाण्यात वळण कसं घ्यायचं, श्वास कसा राखायचा, हे त्याच्या अंगात होतं. त्याच्या भोवती एक तलाव, दहा मुलं आणि कोचची एक पक्की जागा उभी करावी, असं आपल्याला का सुचलं नाही? आपण शौर्याचा सत्कार करतो, शाल आणि श्रीफळ देतो आणि त्या माणसाने कमावलेलं ज्ञान त्याच्या बरोबर घरी पाठवून देतो.

आजही फार वेगळं घडत नाही. एका शहरातल्या क्रीडासंकुलात काही मुलं व्हीलचेअर बास्केटबॉलच्या सरावासाठी जागा मागायला गेली होती, मीही त्यांच्याबरोबर होतो. उत्तर मिळालं, ‘लाकडी फरशीवर चाकांचे ओरखडे पडतील.’ खरं म्हणजे या खेळाच्या खुर्च्यांना फरशीवर डाग न उमटवणारे टायर असावेत, असा नियमच आहे. आम्ही ते सांगितलं. निर्णय बदलला नाही. ती मुलं शेवटी एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर खेळली, जिथे पडल्यावर कोपरं सोलून निघतात. मला राग आला तो फरशीच्या काळजीचा नव्हता. त्या टेबलापलीकडे बसलेल्यांत हा खेळ माहीत असलेलं एकही माणूस नव्हतं, याचा होता.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात खेळासाठी स्वतंत्र कलम आहे, तिसावं. अपंगांना खेळांत सहभागी होता यावं यासाठी सरकारने पावलं उचलावीत, असं ते सांगतं. हा कायदा आपण वाचला पाहिजे आणि आपापल्या गावच्या संकुलात तो दाखवलाही पाहिजे. पण कलमाने दार उघडलं तरी आत जाऊन शिकवणार कोण, हा प्रश्न उरतो. आपल्याकडे खुर्च्या वाटपाचे कार्यक्रम होतात. फोटो निघतात, आकडे छापून येतात. खेळासाठीची खुर्ची वेगळी असते. तिची चाकं खाली बाहेर झुकलेली असतात, मागे उलटण्यापासून वाचवणारं छोटं चाक असतं, ती खेळाडूच्या मापाची लागते. परदेशी बनावटीची घ्यायची तर किंमत लाखांच्या घरात जाते. अशी खुर्ची मोठ्या कष्टाने मिळते आणि शिकवणारा नसल्यामुळे कोपऱ्यात धूळ खात पडते. अशा वेळी देणगी वाया जाते, आणि त्याहून वाईट म्हणजे ‘यांना दिलं तरी हे खेळत नाहीत’ असा शेरा त्या मुलांच्या माथी बसतो.

म्हणून या व्यासपीठावरून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या सरकारइतक्याच आपल्या सगळ्यांकडे आहेत. एक, क्रीडासंस्था आणि शारीरिक शिक्षणाची महाविद्यालयं यांनी आपल्या प्रशिक्षक अभ्यासक्रमांत अपंग खेळाडूंना प्रवेश द्यावा, आणि त्या वर्गापर्यंत चाकाची खुर्ची जाईल याची व्यवस्था करावी. दोन, राज्याच्या संघातून खेळलेल्या मुलामुलींना खेळ थांबल्यावर सत्काराऐवजी मानधनाची जागा द्यावी. जिल्ह्याला एक कोच, स्वतः खुर्चीवरून खेळलेला, एवढ्याने सुरुवात होईल. तीन, पालकांनी आणि शाळांनी मुलाला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवणं थांबवावं. पोलिओ झालेल्या, पाठीचा कणा अधू असलेल्या किती मुलांनी खेळाचा तास खिडकीतून पाहत काढला असेल! ज्याने लहानपणी खेळच पाहिला नाही, तो पुढे कोच कसा होणार?

सर म्हणायचे की चांगल्या शिक्षकाची परीक्षा तो निवृत्त झाल्यावर होते, मैदान चालू राहिलं तर तो उत्तीर्ण. मार्क्टने मैमनापासून जुबापर्यंत हीच परीक्षा दिली. त्याने मागे सोडलेल्या कोचांना आणि पंचांना मी त्याची खरी कमाई मानतो.

संयोजकांना शेवटी एक विनंती. येत्या काही वर्षांत या मालेत व्हीलचेअर बास्केटबॉलच्या एखाद्या मराठी कोचला व्याख्याता म्हणून बोलवा. त्याला किंवा तिला जिद्दीवर, संकटावर मात करण्यावर बोलायला सांगू नका. 14 गुणांत पाच जणांचा संघ कसा बसवायचा, शेवटच्या मिनिटात कुणाला बाहेर काढायचं, आडवी खुर्ची कुठे घालायची, यावर बोलायला सांगा. या व्यासपीठाला चार पायऱ्या आहेत, तेवढा एक उतार मात्र त्याआधी बांधून घ्या. त्याच्या खर्चातला माझा वाटा मी आजच देतो.